ब्लॉक प्रिंट शिकायचंय? आधी सांधा शोधा

तुर्भ्याच्या एमआयडीसीत चादरी-पडद्यांची डिझाइनं करते, त्यामुळे बारावीचे निकाल लागले की ओळखीतलं कुणीतरी मुलीला घेऊन येतंच. "ताई, ब्लॉक प्रिंट शिकायचंय, कोर्स कुठला करू?" कोर्सचं नंतर बघू. आधी जुनं कापड बघायला शिक, एवढंच मी सांगते. रील्समध्ये लाकडी ठसा, म्हणजे ब्लॉक, आपटताना सगळ्यांनीच पाहिलेलं असतं, पण तो ठसा कापडावर संपतो कुठे, हे विचारलं की गाडी अडते.

सुरुवात बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये, म्हणजे हस्तकलांच्या बाजारात करा. म्युझियममधल्या कापडाला हात लावता येत नाही. इथे बगरूचा (जयपूरजवळचं छपाईचं गाव) किंवा अजरखचा (कच्छकडची ठशांची छपाई) स्टॉल लागला की कापड उलटसुलट करून बघता येतं. एका ठशाची कड दुसऱ्याला जिथे भिडते तिथे रंग जरा दुहेरी बसतो, नाहीतर केसाएवढी फट राहते. हा सांधा. दोन सांध्यांमधलं अंतर मोजा, वहीत लिहा. सगळी फुलं तंतोतंत सारखी आणि सांधा कुठेच नाही, तर बहुधा स्क्रीन प्रिंट, म्हणजे ठशाऐवजी जाळीतून रंग ओढून छापलेलं. भाव बघून मग ठरवा.

पुढचा भाग रसायनाचा, आणि इथे मुली हमखास कंटाळतात. कंटाळू नका, खरी गंमत इथेच आहे. नैसर्गिक रंगांच्या जुन्या पद्धतीत ठशाने रंग लावतच नाहीत. कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढतात. मग एका ठशाने तुरटीची खळ आणि दुसऱ्याने गुळाच्या पाण्यात भंगार लोखंड आंबवून केलेलं पाणी, तेही खळ घालून. लोखंड हिरड्याशी जुळून काळं पडतं. तुरटीची नक्षी मात्र धड दिसतही नाही. कापड मंजिष्ठेत, म्हणजे लाल रंग देणाऱ्या मुळीच्या पाण्यात, उकळलं की तुरटी लागलेली जागा लाल होते. हे डोक्यात बसलं की जुना तुकडा वाचता येतो. लाल पाकळी शाबूत, पण भोवतीची काळी रेघ झडून तिथे बारीक भोकं, असं दिसलं तर कसरीला दोष देऊ नका. लोखंडाने सूत खाल्लेलं असतं.

असे तुकडे घरबसल्या बघायचे तर ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन म्युझियमचा न्यूबेरी संग्रह उघडा. गुजरातेत छापलेलं आणि इजिप्तमध्ये सापडलेलं मध्ययुगीन सुती कापड, हजाराच्या वर तुकडे. फोटो मोठा करून तिथेही सांधाच शोधायचा.

वॉलपेपरकडे आपण वळतच नाही. पावसाळ्यात ओल येणाऱ्या ठाण्याच्या भिंतींना त्याचं काय कौतुक! पण डोळा तयार व्हायला तो उत्तम. कागदावर खडू आणि सरस घातलेला रंग वर बसतो, आत मुरत नाही, म्हणून आकाराच्या कडेला जाडसर काठ दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या आधीचा असेल तर गुंडाळीच सुटे कागद चिकटवून केलेली असते. ते जोडही दिसतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संकेतस्थळावर विल्यम मॉरिस या इंग्रज डिझायनरच्या दोन गोष्टी शेजारी उघडा: 1864 मध्ये बाजारात आलेला 'ट्रेलिस' वॉलपेपर आणि 1883 चं 'स्ट्रॉबेरी थीफ' कापड. कागदावर रंगावर रंग चढवलाय. कापड मात्र आधी निळीत बुडवून मग ठशांनी नक्षीपुरती नीळ उडवलीय. माणूस एकच, पण विचार उलट्या टोकाने केलेला.

प्रत्यक्ष जायचं तर फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं वस्त्रदालन लोकलच्या टप्प्यात आहे. अहमदाबादचं कॅलिको म्युझियम (1949) आधी नाव नोंदवल्याशिवाय घेत नाही. जयपूरजवळ आमेरचं अनोखी म्युझियम खास हातछपाईचंच. एकाच ठिकाणचं भाडं परवडणार असेल तर मी आमेर म्हणेन.

आणि एक कामाचं. दालनात मांडलेलं असतं त्याहून कितीतरी जास्त कापड कोठारात असतं. ते बघायला ईमेल करून परवानगी मागावी लागते. त्या ईमेलमध्ये कॅटलॉगमधला नोंदणी क्रमांक आणि त्या कापडात नेमकं काय बघायचंय ते लिहा. "मला जुनी ब्लॉक प्रिंट बघायला आवडेल" एवढंच लिहिलंत, तर म्युझियमच्या वेळा आणि तिकिटाचे दर कळवणारं उत्तर येतं.