राज्यावरच्या कर्जाची बातमी वाचताना या चुका टाळा

अर्थसंकल्प मांडला की दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत दोनच सूर ऐकू येतात: 'राज्यावर कर्जाचा डोंगर' नाहीतर 'कर्ज मर्यादेतच'. आपणही पक्ष बघून त्यातला एक उचलतो. महाराष्ट्राचा 2025-26 चा अर्थसंकल्प समोर ठेवला, तर वाचणाऱ्याची गाडी नेमकी कुठे चुकते ते दिसतं.

पहिली चूक म्हणजे नुसत्या रकमेला घाबरणं. त्या वर्षअखेरीस कर्ज 9 लाख 32 हजार कोटींवर जाईल, असा अंदाज होता. पण ते राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या (राज्यात वर्षभरात तयार होणाऱ्या वस्तू आणि सेवांची एकूण किंमत) 18.87 टक्के, आणि सरकार स्वतःसाठी मर्यादा सांगतं 25 टक्क्यांची. 'प्रत्येकाच्या डोक्यावर इतके हजार' हा हिशेब तर सरळ सोडून द्या, त्यातून काहीच कळत नाही. मात्र लगेच निर्धास्तही होऊ नका. स्थूल उत्पन्न सगळ्या राज्याचं असतं, तिजोरीचं नव्हे. व्याज भरायचं ते महसुली जमेतून, म्हणजे करांसारख्या सरकारच्या नेहमीच्या उत्पन्नातून. त्यामुळे जमेतला किती वाटा व्याजात जातो, तो आकडा शोधा.

सगळ्यात महागात पडणारी चूक दुसरीच: 'तूट' एकच असते असं समजणं. राजकोषीय तूट म्हणजे ढोबळमानाने सरकारला वर्षभरात जेवढी उसनवारी करावी लागते ती रक्कम. तिला स्थूल उत्पन्नाच्या 3 टक्क्यांची मर्यादा आहे. अंदाज होता 1,36,235 कोटींचा, म्हणजे 2.76 टक्के. सरकार पास! आता शेजारचा आकडा बघा: महसुली तूट, 45,891 कोटी. पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदानं असा चालू खर्च महसुलातून भागत नाही, म्हणून कमी पडणारी ही रक्कम. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागून बघा. उसन्या घेतलेल्या दर तीन रुपयांतला एक रुपया धरणं, रस्ते किंवा इमारतींकडे न जाता चालू खर्चात मुरतो. (महसुली खर्च म्हणजे उधळपट्टी, असंही नाही, शिक्षकांचे पगार त्यातच येतात.) लाडकी बहीण योजनेसाठी त्याच वर्षी 36,000 कोटींची तरतूद होती. योजना हवी की नको हा वाद जरूर घाला, पण 45,891 चा आकडा शेजारी ठेवून घाला. किती घेतलं हे मर्यादा सांगते, कशासाठी घेतलं ते सांगत नाही. माझ्या मते 2.76 पेक्षा या एक-तृतीयांशावर जास्त चर्चा व्हायला हवी.

मार्चचा आकडा अंतिम मानणं ही तिसरी चूक. पुढे अधिवेशनागणिक पुरवणी मागण्या, म्हणजे मूळ अर्थसंकल्पाबाहेरच्या खर्चाला मंजुरी मागणारे प्रस्ताव, येतात. जुलै 2025 मध्ये 57,509 कोटींच्या आल्या, डिसेंबरमध्ये 75,286 कोटींच्या. विरोधक ही सगळी रक्कम नवा बोजा म्हणून सांगतात, तेही बरोबर नाही. जुलैच्या मागण्यांचा निव्वळ भार, म्हणजे तिजोरीवर खरोखर जादा पडणारी रक्कम, 40,644 कोटींच्या आसपास होता. म्हणून अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तिन्ही रकाने एकाच वर्षाचे लावून बघा. त्यासाठी दोन वर्षं थांबावं लागतं, आणि तोवर बातमी शिळी झालेली असते.

'केंद्राने परवानगी दिली, म्हणजे ठीकच असणार' हाही एक लाडका युक्तिवाद. राज्यघटनेच्या कलम 293 नुसार केंद्राचं कर्ज थकीत असलेल्या राज्याला नवं कर्ज काढायला केंद्राची संमती लागते. पैसा नीट खर्च होईल याची खात्री त्या संमतीत नसते.

शेवटची गोष्ट हमीची. कर्ज महामंडळ काढतं, हमी सरकार देतं आणि सरकारच्या कर्जाच्या आकड्यात ते दिसत नाही. 1996 साली स्थापन झालेल्या कृष्णा खोरे विकास महामंडळाने असेच सरकारी हमीवर रोखे काढून बाजारातून पैसा उभारला होता. धरणाच्या पाण्यातून रोख्यांचं व्याज निघणं अवघडच, त्यामुळे परतफेडीचा भार फिरून तिजोरीवरच येतो. हमींचं विवरण अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत वेगळं दिलेलं असतं. एकूण कर्ज वाचून झालं की तेही उघडा.