वॉटरप्रूफिंग होऊनही छत गळतं? माझा अनुभव

दादरला वरच्या मजल्यावर राहतो. मे महिन्यात गच्चीवर कोबा (पाणी अडवणारा विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) घातला, तरी जूनमध्ये छताच्या कडेला ओल आली. ठेकेदाराने दोनदा कोब्याच्या भेगा भरल्या. ओल हटेना. फार मनस्ताप झाला.

पावसाळा संपल्यावर स्वतः तपासलं. पावसाळी पाइपांची तोंडं बंद करून 2 इंच पाणी 72 तास साठवलं. छत कोरडं. म्हणजे कोबा ठीक होता! मग पाणी सोडून दिलं आणि कठड्यावर नळी धरली. तासाभरात ओल उमटली. कोब्याची गोलाई, म्हणजे कडेला गोलाकार वर नेलेला भाग, कठड्यावर जेमतेम 3 इंच चढवली होती, पाणी तिच्या वरच्या फटीतून शिरत होतं.

तिथलं प्लास्टर 1 फुटापर्यंत फोडलं, वरच्या कडेला खाच मारली, गोलाई त्या खाचेत नेऊन बसवली, 7 दिवस पाणी मारलं. पुन्हा नळी धरली. कोरडं. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता तेव्हाच दिला.