बागेतली फुलं रंगवताय? जलरंगात आणि तैलरंगात या चुका टाळा

पांढरा मोगरा कागदावर मळकट दिसतो, लाल जास्वंद गुलाबी होऊन बसते, झेंडूच्या सावलीत हिरवट झाक येते. फुलं रंगवायला लागलेल्या मंडळींकडून या तीन तक्रारी सारख्या ऐकू येतात, साताऱ्यातही आणि सांगलीतही. रेखाटन बरं असतं, फुलावर जीवही असतो. गडबड होते ती उजेड कुठून आणायचा या एका गोष्टीत. जलरंगात उजेड कागदाचा असतो. म्हणून फिक्याकडून गडदाकडे जायचं आणि पांढरी जागा राखत जायचं. तैलरंगात उजेड ट्यूबमधून येतो. म्हणून गडद आणि मधल्या छटा आधी मांडायच्या आणि लख्ख भाग शेवटी ठेवायचा. एका माध्यमाची सवय दुसऱ्यात शिरली की फूल हातचं गेलंच.

पांढरं फूल

मोगरा, तगर, अनंत, निशिगंध ही आपल्याकडच्या कुंड्यांमधली नेहमीची फुलं, आणि सगळ्यात जास्त चित्रं यांचीच फसतात. जलरंगात पहिली चूक म्हणजे पांढरी पाकळी 'रंगवायला' जाणं. पेन्सिलने ठळक बाह्यरेषा, आत काळ्या रंगाचं पाणी, आणि जमलं नाही की वरून पांढरा पोस्टर कलर! मोगऱ्याला आधी हातच लावू नका. त्याच्या मागची पानं रंगवा. पानांचा गडद रंग पाकळीच्या काठापर्यंत आणून थांबवला की कोऱ्या कागदातून फूल आपोआप पुढे येतं.

मग सावली. बटमोगऱ्याचं एक टपोरं फूल सकाळच्या तिरप्या उन्हात धरा आणि शेजारी कोऱ्या कागदाचा तुकडा ठेवून नीट बघा. वरच्या पाकळ्यांची सावलीतली बाजू निळसर दिसेल, कारण तिच्यावर आकाश पडलंय. खालची, पानाला टेकलेली पाकळी हिरवट पिवळी असेल. दोन पाकळ्यांच्या मधल्या खोल फटीत चक्क उबदार मलईचा रंग असेल. करडा म्हणावा असा रंग या फुलात कुठेच नाही. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना यांचं अगदी पातळ मिश्रण करा. वरच्या भागात निळा जास्त ठेवा, खालच्या बाजूला लेमन यलोचा एक थेंब सोडा. ओला जलरंग वाळल्यावर फिका पडतो, तेव्हा सावली डोळ्यांना थोडी जास्त वाटेल इतकी लावा. भित्रेपणाने लावलेली सावली वाळली की दिसतच नाही आणि मग तिच्यावर थरावर थर चढतात. मळकटपणा येतो तो तिथून.

तैलरंगात चूक नेमकी उलटी होते. पहिल्याच बैठकीत टायटॅनियम व्हाइट भरभरून लावला जातो. तो ओल्या रंगांत मिसळत जातो आणि तासाभरात सगळं चित्र खडूने काढल्यासारखं होतं. त्याऐवजी पानांचा गडद भाग आधी मांडा, फुलाचा आकार मधल्या पिवळट-राखाडी छटेत बसवा, आणि शुद्ध पांढरा अगदी दोन-चार जागांसाठी राखून ठेवा. औंधच्या श्री भवानी वस्तुसंग्रहालयात राजा रविवर्म्याची तैलचित्रं आहेत. ते संग्रहालय उभं करणारे औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. सातारा जिल्ह्यात राहून तैलरंग शिकणाऱ्याने तिथे एक अख्खा दिवस काढावा आणि चित्रांतल्या फिकट वस्त्रांकडे जवळून बघावं. लांबून जे पांढरं वाटतं, त्यात खरा पांढरा किती थोडा आहे ते तिथे समजतं. कुठल्याही व्हिडिओतून हे इतकं नीट समजणार नाही.

पांढऱ्याची ट्यूब घेताना लेबल वाचा. निव्वळ झिंक व्हाइटचा थर काही वर्षांत ठिसूळ होतो आणि पापुद्रे धरतो, त्यामुळे खालच्या थरांत तो नको. जवसाच्या तेलात घोटलेला पांढरा पिवळा पडत जातो, आणि चित्र अंधारात ठेवलं तर जास्तच. कपाटात ठेवलेलं चित्र पिवळट दिसायला लागलं असेल तर घाबरू नका. थेट ऊन न लागणाऱ्या उजेडाच्या भिंतीवर काही आठवडे टांगा, बराचसा पिवळेपणा उतरतो.

लाल जास्वंद आणि पिवळा झेंडू

मोबाइलवर फोटो काढून जास्वंद रंगवत असाल तर चूक तिथेच सुरू होते. गडद लाल रंगापुढे कॅमेरा हार मानतो. लाल इतका भरतो की पाकळीवरच्या शिरा, चुण्या, घड्या सगळ्या एका सपाट डागात बुडतात. फोटो आकारासाठी ठेवा, रंगासाठी फूल समोर घ्या. कासच्या पठारावरून आणलेल्या फोटोंचंही हेच आहे. तिथलं फूल तोडायचं नसतं, म्हणून तिथेच बसून छोटं रंगीत टिपण करावं आणि फोटो त्याच्या जोडीला ठेवावा.

जास्वंद गुलाबी होण्याची कारणं दोन्ही माध्यमांत वेगळी आहेत. जलरंगात लाल रंग उजळ करायला पाणी वाढवलं की तो गुलाबी होतो. म्हणून उन्हातल्या भागावर आधी पिवळा-नारिंगी पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या आणि त्यावर लाल चढवा. तैलरंगात लाल उजळ करायला पांढरा मिसळला की तेच होतं. तिथे नारिंगीकडे झुकणारा लाल वापरा. पांढरा फक्त पाकळीवर जिथे आकाशाची थंड चमक पडते, तेवढ्यापुरता. सावलीसाठी काळा नको. क्विनाक्रिडोन रोझमध्ये किंचित अल्ट्रामरीन घातला की सावली खोलही होते आणि लालही राहते.

साध्या जास्वंदीला पाच पाकळ्या असतात आणि प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीवर चढलेली असते. पाचही पाकळ्या सुट्या आणि सारख्या काढल्या की ते फूल कुठलंही असू शकतं, जास्वंद नाही. मधला लांब दांडा फुलाच्या गळ्यातून, देठाच्याच रेषेत बाहेर येतो. त्याच्यावर पिवळे पुंकेसर आणि टोकाला पाच बारीक लाल टिकल्या. देठाची रेषा पेन्सिलने हलकेच फुलातून आरपार नेऊन बघा. दांडा त्या रेषेवर नसेल तर रंग कितीही सुंदर लावा, फूल देठावर बसणार नाही.

झेंडूची हिरवट सावली काळ्या रंगामुळे येते. पिवळ्यात काळा मिसळला की शेवाळी हिरवा तयार होतो. पिवळ्याची सावली नारिंगीकडे न्यायची, तिथून बर्न्ट सिएनाकडे, आणि अगदी खोल फटीत जांभळ्याचा स्पर्श. पाकळ्या मोजत बसू नका. डोळे बारीक केले की झेंडू म्हणजे एका बाजूने उजेड पडलेला बुंदीचा लाडू. आधी तो गोलावा येऊ द्या. पाकळ्यांच्या कडा फक्त उजेड संपून सावली सुरू होते तिथे दाखवा. उजेडातल्या आणि सावलीतल्या पाकळ्या बघणाऱ्याचा डोळा स्वतःच भरून घेतो.

हिरव्याबद्दल थोडक्यात. माझ्या मते नवशिक्याने सॅप ग्रीनची ट्यूब सुरुवातीचे काही महिने पेटीत ठेवूच नये. जास्वंदीचं पान चकचकीत असतं आणि त्यावर आकाश दिसतं, गुलाबाची कोवळी पानं तांबूस असतात, उन्हाकडून आरपार बघितलेलं कुठलंही पान पिवळं धमक दिसतं. हे सगळं एका ट्यूबमधून निघत नाही. दोन निळे आणि दोन पिवळे घ्या आणि मिसळा.

उडून जाणारे रंग

गुलाब, बोगनवेल, सदाफुली म्हटलं की हात ऑपेरा पिंककडे जातो. रंग लोभस आहे यात वाद नाही, पण त्याची झगमग फ्लुरोसंट डायमुळे असते आणि ती उजेडात उडते. जुन्या पद्धतीचा अलिझरिन क्रिमसन, म्हणजे ट्यूबवर पीआर ८३ असा कोड असलेला गडद लाल, हाही पातळ थरात फिका पडतो. व्हॅन गॉगने १८९० च्या मे महिन्यात फ्रान्समधल्या सां-रेमीला गुलाबांची आणि आयरिसची चित्रं केली. त्यातले गुलाब मुळात गुलाबी होते, आज ते जवळजवळ पांढरे दिसतात. आयरिसच्या एका चित्राची गुलाबी पार्श्वभूमीही अशीच उडाली. त्याने वापरलेला लाल लेक रंग, म्हणजे डायपासून केलेला रंग, उजेडाला टिकणारा नव्हता. ट्यूबवर छोट्या अक्षरांत पिगमेंटचा कोड असतो. गुलाबीसाठी पीव्ही १९ लिहिलेली ट्यूब शोधा. कोणाला भेट म्हणून द्यायचं चित्र असेल तर हे नक्की पाळा.

पाऊस, ऊन आणि कागद

जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्यात वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ हात, वाळता वाळत नाही. कंटाळून अर्धवट ओल्या पाकळीवर पुन्हा ब्रश टेकवला की नव्या पाण्याने आधीचा रंग ढकलला जातो आणि दातेरी काठाचा डाग उठतो. कागद तिरका धरून बघायची सवय लावा. भरपूर चकाकी असेल तर रंग सोडायला हरकत नाही. चकाकी नुकतीच गेली असेल तर हात मागे घ्या. हाताची पाठ टेकवून गार लागत नसेल तेव्हाच कागद वाळला म्हणायचा. डाग उठलाच तर लगेच घासू नका. पूर्ण वाळू द्या, मग ओल्या ब्रशने काठ मऊ करा, किंवा त्या जागी पान आणता येतं का बघा.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते आणि तिचा दोष लोक स्वतःच्या हाताला देतात. जलरंगाच्या कागदाला खळ दिलेली असते, म्हणून रंग वर राहतो. दमट कपाटात ती खळ खराब होते. मग वॉश दिला की ठिकठिकाणी गडद ठिपके पडतात आणि रंग आत मुरतो. अशा कागदाच्या कोपऱ्यावर साधं पाणी लावलं तरी ते डागाडागांनी शोषलं जातं. त्यावर जलरंगाचा हट्ट नको, तो पेन्सिल किंवा पोस्टर कलरला वापरा. नवा कागद प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड वजनाचा, सुती कागद महाग पडतो हे खरं. पण साध्या रेखाटनाच्या कार्ट्रिज पेपरवर ओल्यात ओलं काम करून सुरकुत्यांशी भांडण्यापेक्षा त्या कागदाचे चार तुकडे करून छोटी चित्रं केलेली बरी.

सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये सगळं उलट. विश्रामबागेतल्या गच्चीवर सकाळी नऊनंतर बसलात तर पाकळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत रंग वाळतो आणि मध्ये कडक रेघ उमटते. लवकर बसा, कागद दोन्ही बाजूंनी ओला करा आणि बोर्ड सावलीत ठेवा. उन्हात डोळे दिपतात, रंग हवे त्यापेक्षा गडद लागतात, आणि घरात आणल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. कळ्या राखायला मास्किंग फ्लुइड (कागद कोरा ठेवणारा, नंतर सोलून काढायचा रबरी द्रव) लावलं असेल तर ते उन्हात तापू देऊ नका आणि कागद वाळताच त्याच दिवशी काढा. तापलेलं फ्लुइड निघताना कागदाची साल घेऊन निघतं.

फुलाचं वेळापत्रकही बघा. जास्वंद एका दिवसाची आणि संध्याकाळी मिटणारी. गुलबक्षी दुपारी चारच्या सुमाराला उमलते, मोगरा संध्याकाळी. गुलाब उबदार खोलीत तुमच्या डोळ्यांदेखत उलगडत जातो. अशी फुलं जलरंगाला द्या आणि सावलीची जागा पहिल्या वीस मिनिटांत पक्की करून टाका. शेवंती आणि झेंडू पाण्यात काही दिवस टिकतात, ती तैलरंगाला.

तैलरंगाचे थर

तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. म्हणून नियम एकच: पातळ आधी, तेलकट नंतर. पहिला हात टर्पेंटाइनने सैल केलेला, वरच्या थरांत थोडं थोडं तेल वाढवत न्यायचं. खाली तेलकट आणि वर कोरडा थर पडला की वरचा आधी आकसतो आणि भेगा पडतात. रॉकेल ब्रश धुण्यापुरतं ठीक, रंगात नको. घाईने चित्र कडक उन्हात ठेवलं तर वर साय धरते आणि आत ओलंच राहतं.

कोऱ्या मांजरपाटावर थेट तैलरंग लावू नका, तेलाने कापड कुजतं. गेसोचे, म्हणजे कापडाला रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन-तीन हात हवेतच. वाळल्यावर गडद पानं ठिकठिकाणी मॅट, निस्तेज दिसत असतील तर तेल खाली शोषलं गेलंय. तिथे नवा रंग चढवण्याऐवजी जवसाच्या तेलाचा अगदी पुसट हात द्या आणि उरलेलं तेल कापडाने टिपून घ्या, रंग परत दिसायला लागतात.

ते तेलाचं कापड मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडते आणि बोळ्यात ती साठून कापड आपोआप पेट घेऊ शकतं. घराबाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा.

व्हार्निशला सहा महिने ते वर्षभर थांबा. रंग जाड असेल तिथे नख हलकं दाबून बघा, खूण उठली तर अजून वेळ आहे. जलरंगाच्या चित्राला व्हार्निश लागत नाही, पण फ्रेम करताना काच आणि कागद यांच्यात माउंटची (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची) जागा सोडायला सांगा. काचेला टेकलेला कागद पावसाळ्यात चिकटतो आणि बुरशी धरतो.