एमजीबीचा तडकलेला मॅनिफोल्ड काढून हेडर बसवताना

१९७५ ते १९८० दरम्यान अमेरिकेसाठी बनलेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये जुन्या दोन एसयू कार्बोरेटरच्या जागी एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग आला. त्याच्यासाठी इनटेक मॅनिफोल्ड (हवा-पेट्रोल इंजिनात नेणारा) आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारा) दोन्ही एकाच बिडाच्या ओतकामात घेतले. तडे जातात ते इथेच. एक्झॉस्टची बाजू लाल होईस्तोवर तापते आणि तिला चिकटलेल्या इनटेकमधून थंड हवा-पेट्रोल जात असतं. एक भाग फुगतो, दुसरा त्याला धरून ठेवतो, शेवटी बीड फाटतं. निकेलच्या रॉडने वेल्डिंग करून देणारे कारागीर भेटतात, पण ताण तसाच राहतो आणि काही महिन्यांनी तडा शेजारून पुन्हा निघतो. त्यात पैसे घालू नयेत.

आधी तडा आहे याची खात्री करा. थंड इंजिन सुरू केल्यावर टक-टक आवाज येतो आणि गाडी तापली की कमी होतो, कारण धातू फुगून फट मिटते. काजळीची काळी रेघ हे दुसरं लक्षण. तडा इनटेकच्या बाजूला पोचला असेल तर आयडल डगमगतो आणि कितीही सेटिंग केलं तरी मिश्रण पातळच (हवा जास्त, पेट्रोल कमी) राहतं.

या मॉडेलला नुसता हेडर (वेल्ड केलेल्या नळ्यांचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड) लावता येत नाही, हे बरेच जण हेडर विकत घेतल्यावर शोधतात. जुना मॅनिफोल्ड एकसंध असल्यामुळे एक्झॉस्ट काढला की इनटेकही जातो. म्हणून सोबत वेगळा इनटेक आणि त्याचा कार्बोरेटर लागतो. दोन पर्याय आहेत: १९७२-७४ च्या गाड्यांवरची एचआयएफ४ एसयूची जोडी, किंवा डाउनड्राफ्ट वेबर ३२/३६. वेबर बसवणं सोपं. पण या इंजिनाला एसयूच शोभतात, आणि जोडी नीट जुळवली की चालही जास्त गुळगुळीत मिळते. पुढचं वर्णन एसयू धरूनच आहे. कॅलिफोर्नियात १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग तपासणी आहे. तिथे एअर पंप, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी व्यवस्था), कॅटलिटिक कन्व्हर्टर ही प्रदूषण कमी करणारी साधनं काढून गाडी पास होणार नाही, तेव्हा पाना हातात घेण्याआधी आपल्या राज्याचा नियम बघा.

सामान: हेडर, इनटेक आणि कार्बोरेटर, त्यांचे इन्सुलेटर ब्लॉक, पॅकिंग आणि हीट शील्ड, मॅनिफोल्ड गॅस्केट, शक्यतो दोन, सहा नवे ५/१६ इंची स्टड, सहा उंच पितळी नट, चार जाड वायसर आणि दोन साधे, इनटेकच्या तोंडातल्या दोन लोकेटिंग रिंगा. झेनिथचा चोक कूलंटच्या उष्णतेवर चालतो, एसयूला हाताने ओढायची केबल लागते, तीही घ्या. एअर पंप काढणार असाल तर सिलिंडर हेडमधली त्याच्या हवेची चार भोकं बुजवायला ७/१६ इंची यूएनएफ (बारीक आट्यांचे) प्लग लागतील. हेडर मॅनिफ्लो किंवा पेको अशा ब्रिटिश कंपन्यांचा मिळतो. ज्यात मधली नळी लांब ठेवून मागे नेऊन जोडलेली असते, तो घ्या. या हेडला एक्झॉस्टची तोंडं तीनच आहेत. मधल्या तोंडातून दोन आणि तीन नंबरचे सिलिंडर एकत्र श्वास सोडतात, म्हणून त्या नळीला वेगळी लांबी देतात.

काढायला सुरुवात करण्याआधी दोन रात्री सगळ्या स्टडवर पेनिट्रेटिंग तेल टाका. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अ‍ॅसिटोन अर्धं-अर्धं मिसळूनही चालतं, फक्त गरम इंजिनावर नको, अ‍ॅसिटोन पेटतं. बॅटरी सोडा, चोकचे होज निघतील इतकं कूलंट काढा, मग कार्बोरेटर, ईजीआर, एअर पंपच्या नळ्या आणि खालचा फ्लँज (पाइप जोडायची चपटी कड). नट अर्ध्या इंचाच्या पान्याचे आहेत. नट हलत नसेल तर जोर लावू नका. आधी थोडा घट्ट करून बघा, नाहीतर आजूबाजूची पेट्रोलची नळी बाजूला करून ब्लोलॅम्पने नट तापवा. स्टड तुटलाच आणि थोडा बाहेर असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करा. त्या उष्णतेनेच तो सैल होतो. आत तुटला तर बरोबर मध्ये ड्रिल करायचं काम हेड काढून मशीन शॉपला द्या. हातात धरलेलं ड्रिल बिडाच्या हेडमध्ये तिरकं जातं आणि आटे संपतात.

आता या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हेडच्या बाजूला पाच तोंडं ओळीत आहेत: एक्झॉस्ट, इनटेक, एक्झॉस्ट, इनटेक, एक्झॉस्ट. मधले चार स्टड दोन फ्लँजच्या मधोमध येतात, आणि एकच जाड वायसर अर्धा इनटेकवर, अर्धा एक्झॉस्टवर टेकून दोन्ही दाबतो. कारखान्यात दोन्ही फ्लँजची जाडी सारखी होती. हेडरची तशी असेलच असं नाही. अर्ध्या मिलिमीटरचाही फरक असला तर वायसर तिरका बसतो, जाड फ्लँजच तेवढा दाबला जातो, दुसरा सैल राहतो. नट घट्ट लागल्यासारखा वाटतो, टॉर्क रेंच क्लिक करतो, आणि पहिल्याच फेरीत गॅस्केट फुंकली जाते किंवा इनटेक हवा ओढतो. गॅस्केट निकृष्ट म्हणून दोन-दोनदा बदलणाऱ्यांचा दोष बहुतेक इथेच असतो.

म्हणून व्हर्नियरने प्रत्येक स्टडच्या जागी दोन्ही फ्लँज मोजा आणि आकडे लिहून ठेवा. पाव मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर जाड बाजू मशीन शॉपमध्ये उतरवून घ्या, नाहीतर चारही वायसर लेथवाल्याकडून फरकाइतकी पायरी काढून बनवून घ्या. दुसरा उपाय स्वस्त आहे आणि मूळ भागाला हात लागत नाही. वायसरची पायरी मात्र बरोबर दिशेने बसवा. हेडरचा फ्लँज वेल्डिंगने वाकलेलाही असतो. सपाट पट्टी टेकवून फिलर गेज लावा, ०.१५ मिमी पातं शिरलं तर सरफेस करून घ्या. हिंदुस्तान मोटर्सच्या अ‍ॅम्बॅसडरचं जुनं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन एमजीबीच्याच बी-सिरीज इंजिन घराण्यातलं आहे. स्थानिक फॅब्रिकेटरकडून हेडर करून घेत असाल तर ही जाडी त्यालाही आधी सांगा.

गॅस्केट न लावता एकदा सगळं जोडून बघा. डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीत कॉलम हेडरच्या शेजारूनच जातो. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, युनिव्हर्सल जॉइंटभोवती कुठेही निदान १० ते १२ मिमी मोकळं हवं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन डोलतं, त्यासाठी ही जागा. इंजिनाच्या डाव्या माउंटचं रबर दबलं असेल तर आधी ते बदला, नाहीतर मोजमापच खोटं पडेल.

बसवताना हेडची बाजू वायर ब्रशने नाही, सपाट स्क्रेपरने साफ करा. लोकेटिंग रिंगा पूर्ण आत बसल्या का ते बोटाने चाचपा, एखादी वर राहिली तर इनटेक हेडला टेकतच नाही. गॅस्केट कोरडी लावा, सिलंट नको. स्टडच्या आट्यांवर अँटी-सीझ पेस्ट (आटे चिकटू नयेत म्हणून), सगळे नट आधी हाताने, मग मधून बाहेर जात दोन टप्प्यांत १५ पौंड-फूट, म्हणजे साधारण २० न्यूटन-मीटर. पितळी नट त्याहून जास्त ताणला तर आटे निघतात. मागचा पाइप जोडताना गिअरबॉक्सजवळचा ब्रॅकेट सोडू नका. तो नसला तर पाइपचं वजन आणि इंजिनचं डोलणं हेडरच्या वेल्डवर येतं.

हेडर बिडापेक्षा पातळ असल्याने जास्त उष्णता बाहेर टाकतो. एसयू आणि हेडरच्या मध्ये हीट शील्ड नसेल तर उन्हाळ्यात सिग्नलला पेट्रोल उकळून गाडी बंद पडते. सिरॅमिक कोटिंग आतून-बाहेरून करून मिळालं तर घ्या. कापडी रॅप साध्या लोखंडी नळीवर गुंडाळू नये, ओल धरून ती खालून गंजते.

सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटं धूर येईल, तो तेलाचा आणि रंगाचा. मग इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि नट परत तपासा, साधारण दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा, दोन्ही वेळा थंड असतानाच. इनटेकची गळती शोधायला जोडाभोवती एखादा न पेटणारा स्प्रे थोडा-थोडा मारा. आयडल बदलला तर ती जागा गळतेय. हेडर उघडा असल्यामुळे मिश्रण थोडं पातळ झालेलं असतं. एसयूचे मिश्रणाचे स्क्रू दोन्हीकडे सारखे फिरवा, आणि थोडं लांब फिरून आल्यावर चारही प्लग काढून बघा: टोकं पांढरी असतील तर अजून पातळ आहे, फिकट बिस्किटी असतील तर सोडून द्या.