"वय झालं, असं होतेच" म्हणू नका: म्हाताऱ्या माणसांच्या डिप्रेशनमध्ये या चुका टाळा

दोन वर्षांआधीच्या पोळ्याला बाबा बैलाची शिंगं रंगवायला उठलेच नाही. रंगाचा डबा, झूल, सगळं ओसरीत तसंच पडून आणि ते बाजेवर भिंतीकडे तोंड करून. आम्ही म्हटलं, वय झालं आता. हीच सगळ्यात मोठी चूक. वयानं माणूस थकते, पण आवडीच्या कामातून मन उठणं, पहाटे तीनलाच जाग येणं, भाकर अर्धी टाकून उठणं, हे दोन आठवड्याच्या वर चाललं तर तो आजार असू शकते आणि त्याला इलाज आहे.

म्हातारे लोकं "मी उदास आहो" असं म्हणत नाही हो. बाबा म्हणायचे पोट जड आहे, अंगात दम नाही, मग कधी ग्यासची गोळी कधी सलाईन, चार महिने तेच. थायरॉइड, बी-12, हिमोग्लोबिन, शुगर तपासाच, त्यानंही माणूस मलूल होते. पण रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून "तुम्हाले काहीच नाही, नाटकं नका करू" असं बोलू नका. आमच्या घरात हे बोललं गेलं, मला आजही वाईट वाटते.

विसरायला लागले की लगेच स्मृतिभ्रंश समजू नका, डिप्रेशनमध्येही लक्ष लागत नाही म्हणून आठवत नाही, ते डॉक्टरला ठरवू द्या.

डिप्रेशनच्या गोळ्यांचा घोळ तर घरोघरी. आठ दिवसात फरक नाही म्हणून आम्ही बंद केल्या, आणि या गोळ्यांना गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हातारपणी सहा-आठही. बरं वाटलं तरी निदान सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात, मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. सवय लागते म्हणून घाबरता, पण सवय लागते ती झोपेच्या गोळ्यांची, ज्या आपण मेडिकलमधून आपल्या मनानं आणतो, आणि रात्री लघवीला उठताना तोल जाऊन म्हातारं माणूस पडते. नवीन गोळीनंतर भोवळ किंवा बरळणं दिसलं तर लगेच दाखवा, रक्तातलं सोडियम (मिठाचं प्रमाण) कमी झालेलं असू शकते.

आणि "मेलो तर सुटलो" हे बोलणं हसण्यावारी नेऊ नका. फवारणीचं औषध कुलपात ठेवा, एकटं सोडू नका, जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरला दाखवा. टेली मानस म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, तिचा 14416 नंबर फुकट आहे, रात्रीही लागते, मराठीत बोलतात. मी लावला तेव्हा बाबा फोन हातात घ्यायला तयार नव्हते, मग मीच सगळं सांगितलं, तसंही चालते.