श्टुटगार्टच्या वेशीवर हिरवं स्टिकर

बाबा पिंपरीला 30 वर्षं फिटर. त्यांना जर्मनीत श्टुटगार्टच्या झुफनहाउझन भागातला पोर्शचा कारखाना दाखवायचाच होता. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनहून आमच्या पेट्रोल गाडीने निघालो. श्टुटगार्टच्या अलीकडे पंपावर एका ड्रायव्हरने आमच्या काचेकडे बोट दाखवलं: गाडी कमी प्रदूषण करते हे दाखवणारं, पर्यावरणाचं हिरवं स्टिकर नाही! शहरात शिरायला परदेशी गाडीलाही ते लागतं, नसेल तर 100 युरो दंड. लगेच जवळचं वाहन तपासणी केंद्र गाठलं. गाडीची कागदपत्रं बघून त्यांनी गोल स्टिकरवर आमचा नंबर लिहून दिला. बाबांनी काच आतून स्वच्छ पुसली आणि उजवीकडे खाली स्वतःच्या हाताने चिकटवलं. टूरची वेळ आधीच घेतलेली. दहा मिनिटं राखून पोचलो. बॉडीत इंजिन बसवण्याला जर्मन लोक ‘लग्न’ म्हणतात. ते बघताना बाबांनी माझा हात घट्ट धरला होता.