धोंडा फोडायचा तर आधी तापवा

आमच्या पुरंदरात सीताफळासाठी खड्डे घ्यायला लागलं की पहार कुठे ना कुठे ‘टण्ण’ करतेच. माझ्या वरच्या तुकड्यात असाच एक धोंडा निघाला. पाच फूट लांब, चार फूट रुंद, मांडीएवढा उंच. चाळीस घनफूट धरला तरी वजन तीन टनांच्या वर. ब्रेकर आत आणायचा तर नऊ लागती झाडं काढावी लागणार होती. सुरुंगाला परवाना लागतो आणि घर शंभर पावलांवर. मग वडील विहिरीच्या कामात करायचे तेच केलं : जाळ, पाणी आणि घण. चार दिवस लागले. ज्याला एका दुपारीत काम उरकायचंय त्याने हे पुढे वाचू नये.

आधी दगड ऐका. हातोड्याने चार-सहा ठिकाणी हलकं ठोका. खणखणीत वाजला तर आतून सलग आहे, बद्द वाजला तर तिथे भेग आहे, मग दिसो न दिसो. बद्द जागेवर खडूने फुली मारा, पुढे घण तिथेच पडणार आहे. आपल्याकडचे धोंडे वरून कांद्यासारखे पापुद्रे सोडतात. ते पहारीनेच काढा, त्यावर सरपण वाया घालवू नका. खरा दगड आतला काळा गाभा.

मांजऱ्या खडक असेल, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा, तर जाळ लावूच नका. ते पांढरं बहुतेक झिओलाइट असतं आणि त्याच्या कणाकणात पाणी असतं. तसा तो मऊच, पहारीला आणि घणाला दाद देतो. ओल्या दगडालाही जाळ नको. मी पहिल्यांदा हे केलं ते दिवाळीच्या सुमारास, जमिनीत ओल असताना. आत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली आणि तळहाताएवढी कपची उडून नडगीवर बसली. वण अजून आहे. तेव्हापासून हे काम होळीच्या आधीच्या पंधरवड्यात, पहाटे वारा पडलेला असताना. भोवतीचं गवत दहा फूट खरवडून काढायचं, जवळ दोन पिंप पाणी, डोळ्यांवर चष्मा.

आता जाळ. इथे बहुतेकांची चूक होते : रात्रभर धुमसत ठेवतात. दगड उष्णता फार सावकाश आत घेतो. तासाभरात ती दोन-अडीच इंच पोचते, आणि त्याच्या दुप्पट खोल जायला तास दोन नाही, चार लागतात. हळूहळू तापवला तर सगळा दगड सारखा फुगतो आणि काही होत नाही. आपल्याला हवंय ते असं, की वरचा थर फुगावा आणि आतला थंडच राहावा. म्हणून वाळलेली बाभूळ, भरपूर, एकाच बाजूला रचून दीड-दोन तास मोठा जाळ. गोवऱ्या फक्त पेटवण्यापुरत्या. जाळात दगडाला टेकवून एक लांब खिळा ठेवा. अंधारात तो मंद लाल दिसला की पाचशे अंशांच्या पुढे गेलात. ॲल्युमिनियमच्या तारेचा तुकडा वितळला तर ६६०च्या वर.

भाचा इंजिनिअरिंग कॉलेजात दगडांच्या चाचण्या करतो. त्याचं म्हणणं, आपला काळा दगड दाबाला चौरस सेंटिमीटरला हजार ते दोन हजार किलो सहज सोसतो, पण ताणाला त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच. सगळी युक्ती त्या एका वाक्यात आहे. तापलेल्या दगडावर पाणी पडलं की वरचा थर आकसायला बघतो, त्याच्या लगत खालचा अजून गरम असलेला भाग त्याला आकसू देत नाही, आणि कातडी ताणून फाटते. पाणी धारेने घालू नका, बादली एकदम फेका, वाऱ्याच्या बाजूने आणि तोंड वळवून. चरचर झाल्यावर कट् कट् असा आवाज आला की समजायचं, काम झालं.

नांदेडकडे देगलूर-बिलोलीला ग्रॅनाइट आहे. तिथल्यांना जाळाचा गुण आमच्यापेक्षा जास्त येईल. ग्रॅनाइटमध्ये गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण असतात. ५७३ अंशांना गारेची घडण बदलते, ती एकदम फुगते आणि शेजारच्या कणांपासून सुटते. बंगळूरच्या बाजूला तर पूर्वी पाणी न घालता, नुसता लाकडाचा जाळ हळूहळू पुढे सरकवत ग्रॅनाइटच्या लाद्या सोडवायचे. आमच्या काळ्या दगडात गार जवळजवळ नाही आणि कणही बारीक, म्हणून पाण्याचा झटका लागतोच.

माझ्या धोंड्याने पहिल्या फेरीत दीड-दोन इंचांच्या कपच्या टाकल्या आणि मधोमध केसासारखी एक रेघ दिली. ती रेघच हवी होती.

मग घण. पूर्ण थंड झाल्यावरच. गडी अंगात आल्यासारखा मारायला लागला तर त्याला थांबवा. घणाखाली पांढरं पीठ व्हायला लागलं म्हणजे दगड चिरडतोय, फुटत नाही. त्याची ताकद पिठात चाललीय. मध्यम घाव, पण रेघेवर आणि पुन्हा पुन्हा. एका घावाने न फुटणारा दगड तशाच दोनशे घावांनी फुटतो, कारण प्रत्येक घाव भेगेला सुताच्या अंशाने पुढे ढकलतो आणि ती मागे येत नाही. मधूनमधून हातोड्याने ऐका. खणखणीतचं बद्द होत जातं. माझ्या मोजणीने एकशे साठाव्या घावाच्या आसपास आवाज पडला.

तरीही दोन फाकी होईनात. तेव्हा भाड्याच्या ड्रिलने रेघेवर वीत-वीत अंतराने सहा भोकं पाडली. प्रत्येकात लोखंडाच्या दोन पट्ट्या आणि मधे पाचर. पाचरी एकेक करून ठोकायच्या नाहीत. पहिलीला दोन घाव, दुसरीला दोन, शेवटपर्यंत, मग परत पहिली. पाचर घट्ट होत गेली की तिचा आवाज चढतो. सहाही एका सुरात आल्या की हातोडा खाली ठेवा आणि चहा घ्या. ताणाखालची भेग आपोआप पुढे सरकत राहते. माझा दुसरा कप चालू होता तेव्हा धोंडा दुभंगला, फार आवाज न करता.

शेजाऱ्याने तुकडे विहिरीच्या काठाला मागितले. जाळ लागलेल्या बाजूचे मी दिले नाहीत. ते वरून धड दिसतात, पण आत बारीक तडे पसरलेले असतात आणि ओझ्याखाली दगा देतात. ते बांधाला टाकले. गाभ्यातले, ठोकल्यावर खणखणीत वाजणारे अकरा तुकडे तेवढे त्याच्या गाडीत भरले.